‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणण्याआधी : दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद, क्षमा आणि सलोखा मुलांना शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ८ ते १५ वयाच्या मुलांसाठी गोष्टींचे वर्ग घेते. दक्षिण आफ्रिकेवरचा वर्ग झाला की पुढचे आठ-दहा दिवस पालकांचे आणि सहकारी शिक्षकांचे निरोप येत राहतात. विचारणारे बदलतात, पण प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत; अकराव्या प्रश्नापासून पुढची वाट अवघड आहे आणि तेथे माझे मत सर्वांना पटेलच असे नाही.

१. वर्णभेद म्हणजे नेमके काय? दहा वर्षांच्या मुलाला ते कसे सांगावे?

पहिली अडचण शब्दापासूनच येते. ‘वर्ण’ म्हटले की आपल्या मुलांना चातुर्वर्ण्य आठवते. एका मुलीने मला ‘म्हणजे तिकडे पण ब्राह्मण-क्षत्रिय होते का?’ असे विचारले होते. म्हणून येथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग, हे आधी सांगावे. तेथील राजवटीचा स्वतःचा शब्द ‘अपार्टहाइट’ असा होता. तो तेथील सत्ताधारी गोऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘वेगळेपणा’ इतकाच होतो.

दुसरी गोष्ट अशी की वर्णभेद हा कुणाच्या मनातला राग नव्हता, तर संसदेने छापलेला कायदा होता. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी हा गोऱ्यांचा पक्ष सत्तेवर आला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला गेला, आणि त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणी कोणत्या वस्तीत राहायचे हे ठरले. शाळा, बस, दवाखाना, बाक, समुद्रकिनारा, सारे वेगळे झाले. सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या शहरात वावरताना खिशात पास बाळगावा लागे. तो नसला तर अटक होई.

मुलांना कायद्यापेक्षा पेन्सिल लवकर कळते. एखादा माणूस ‘गोरा’ की ‘मिश्रवर्णीय’ असा संशय आला की अधिकारी त्याच्या केसांत पेन्सिल खोवून पाहत; ती घसरून पडली नाही, तर तो गोरा नाही. सँड्रा लेंग ही मुलगी गोऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मली, पण रंगाने सावळी आणि केसांनी कुरळी होती. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून टाकण्यात आले आणि सरकारने तिचा वंश बदलून लिहिला. मी हे सांगत असताना पुढच्या बाकावरच्या एका मुलीने स्वतःच्या कुरळ्या केसांत पेन्सिल खोचली. ती अडकून राहिली. वर्ग हसला, मग कुणीतरी ‘म्हणजे हिलासुद्धा काढलं असतं’ असे म्हणाले, आणि हसणे थांबले. त्या दिवशी व्याख्या सांगण्याची गरज उरली नाही.

२. कोणत्या वयात किती सांगावे?

सात वर्षांपर्यंत ‘या बाकावर फक्त यांनीच बसायचे’ हा अन्याय पुरेसा आहे. आठ ते दहा या वयात पेन्सिल, पास आणि पाडलेली घरे समजतात. अकरा ते तेरा या वयात सोवेटोचे विद्यार्थी (प्रश्न १०) आणि सत्य व सलोखा आयोग (प्रश्न ४) घ्यावा. कोठडीतील छळ, हत्या आणि त्यांना मिळालेली कायदेशीर माफी हा भाग चौदाच्या आधी तपशिलाने सांगू नये. हे वयाचे अंदाज आहेत, आपले मूल आपल्याला अधिक ठाऊक असते. मात्र कमी सांगणे आणि खोटे सांगणे यांतला फरक पाळावा. ‘मग सगळे एकमेकांचे मित्र झाले’ हे वाक्य कोणत्याही वयाच्या मुलाला सांगण्याजोगे नाही, कारण तसे झालेले नाही.

३. क्षमा, माफी आणि सलोखा यांत खरोखर फरक आहे का? मुलांना तो कळतो का?

फरक आहे, आणि तो समजावायला मराठी भाषा आपल्याला चांगली मदत करते. माफी ही सरकारही देऊ शकते: फीमाफी, कर्जमाफी, शिक्षामाफी. क्षमा मात्र ज्याला लागले आहे त्याच्याच हाती असते. ती दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीने करता येत नाही. सलोखा म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच गावात, एकाच पाणवठ्यावर पुन्हा वावरता येणे. त्यासाठी एकमेकांविषयी प्रेम वाटलेच पाहिजे असे नाही. चौथा शब्द ‘मांडवली’, जी बंद दाराआड होते आणि जिच्यात खरे काय घडले हे कधीच बाहेर येत नाही.

लहान मुलांशी बोलताना मी कट्टी आणि बट्टीपासून सुरुवात करते. बट्टी झाली, पण पेन कोणी मोडले हे कोणी बोललेच नाही, तर पुढच्या भांडणात ते पेन पुन्हा वर येते, हा अनुभव प्रत्येकाला असतो. आपण मोठी माणसे अशा वेळी ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून मोकळे होतो. माझे निरीक्षण असे, की हे वाक्य बहुधा ज्याचे काही गेलेले नसते तोच म्हणतो. दक्षिण आफ्रिकेने निदान हे वाक्य म्हणण्याआधी ‘काय झाले आणि काय गेले’ याची नोंद करायचे ठरवले, आणि मुलांना शिकवण्यासारखे तेथे जे आहे ते यातच आहे.

४. सत्य व सलोखा आयोग मुलांना कसा समजावून सांगावा?

न्यायालयाशी तुलना करून. न्यायालय ‘दोषी कोण आणि शिक्षा किती’ असे विचारते. हा आयोग ‘नेमके काय घडले, सर्वांसमोर सांगा’ असे म्हणत होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये सर्व वंशांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केले आणि मे महिन्यात नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५ च्या कायद्याने आयोग नेमला गेला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष झाले. पहिली सुनावणी १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडन या शहरात झाली. १९६० ते १९९४ या काळातील हत्या, छळ आणि अपहरणे यांविषयी सुमारे २१,००० लोकांनी जबान्या दिल्या. त्यांतील साधारण २,००० जण उघड सुनावणीत बोलले. ज्याला जी भाषा येते तिच्यात तो बोलत असे, दुभाषे ते भाषांतरित करत, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीवर देश ऐकत असे. त्याआधीच्या राजवटीत याच लोकांना पोलीस ठाण्यात कोणी बसायलाही सांगितले नव्हते. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अहवालाचे पाच खंड मंडेलांच्या हाती देण्यात आले.

आयोगाने फक्त गोऱ्या पोलिसांची चौकशी केली असा समज असतो. तसे नव्हते. मुक्तिलढ्यातील संघटनांनी केलेले छळ आणि स्फोटही त्याने नोंदवले, आणि त्यावरून मंडेलांच्या पक्षाशी त्याचा वादही झाला. ‘चांगल्या बाजूच्या लोकांनीही वाईट केले’ हे ऐकून मुले अस्वस्थ होतात. त्यांना तसे होऊ द्यावे.

५. म्हणजे गुन्हेगाराने ‘सॉरी’ म्हटले की तो सुटला, असेच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. आयोगाकडे अर्ज करणाऱ्या गुन्हेगाराला कायदेशीर माफी मिळू शकत होती, पण तिला कायद्याने दोन अटी होत्या: गुन्हा राजकीय हेतूने झालेला असावा, आणि त्याविषयी ठाऊक असलेले सर्व काही उघड करावे. पश्चात्ताप ही अट नव्हतीच. त्यामुळे एखादा माणूस क्षमा न मागताही सुटू शकत होता आणि एखादा ढसाढसा रडूनही अडकू शकत होता. सुमारे ७,१०० जणांनी अर्ज केले. त्यांपैकी ५,००० हून अधिकांचे अर्ज फेटाळले गेले. मुलांना हे विचित्र वाटते. पण आयोगाला ‘सॉरी’ नको होते, माहिती हवी होती: कोणी मारले, कुठे पुरले, कोणाच्या हुकमावरून.

६. मुलाला इतिहासाची आवड नाही. सुरुवात कुठून करावी?

आपल्याकडे क्रिकेटहून चांगली वाट नाही. बेसिल डॉलिव्हेरा हे केपटाउनचे मिश्रवर्णीय फलंदाज. आपल्या देशात संधी नाही म्हणून इंग्लंडला गेले आणि त्या देशाकडून खेळले. १९६८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा तेथील सरकारने हा संघ चालणार नाही असे सांगितले आणि दौरा रद्द झाला. पुढे दक्षिण आफ्रिका दोन दशके आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिली. परतीचा पहिला सामना १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध झाला. अनेक आजोबांना तो आठवतो, त्यांनाच विचारायला सांगावे.

तेथे थांबू नये. मखाया एन्टिनी हे दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू, १९९८ चे पदार्पण. सामन्याला ते संघाच्या बसऐवजी धावत का जात, हे त्यांनी निवृत्तीनंतर २०२० मध्ये सांगितले: बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे, जेवायला कोणी हाक मारत नसे. कायदा जाऊनही बाक वेगळाच राहिला होता. आणि २०२५ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाची गदा उचलणारा कर्णधार टेम्बा बवुमा हा लांगा या एकेकाळी फक्त कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या वस्तीत वाढला. या तीन नावांत जवळजवळ सगळा धडा येतो.

७. मंडेलांची गोष्ट सांगितली की पुरेसे नाही का?

सत्तावीस वर्षे तुरुंगवास, मग राष्ट्राध्यक्षपद, मग क्षमा. ही गोष्ट सुंदर आहे आणि खरी आहे. वर्णभेदाचे शिल्पकार मानले जाणारे पंतप्रधान फर्वूर्ट यांच्या वृद्ध पत्नीकडे मंडेला १९९५ मध्ये स्वतः चहाला गेले. ज्या सरकारी वकिलाने त्यांच्यावर खटला चालवला त्याला त्यांनी जेवायला बोलावले. हे जरूर सांगावे. पण फक्त हेच सांगितले तर मूल असे शिकते, की मोठ्या मनाचा माणूस क्षमा करतो, आणि जो करत नाही त्याचे मन लहान. हा ज्याला लागले आहे त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. मंडेलांसोबत चौदाव्या प्रश्नातील माणसेही सांगावीत.

मला स्वतःला वर्गात सांगायला ॲल्बी सॅक्स यांची गोष्ट अधिक उपयोगी पडते. ते गोरे वकील, वर्णभेदाविरुद्ध लढणारे. १९८८ मध्ये शेजारच्या मोझांबिकची राजधानी मापुटो येथे त्यांच्या मोटारीत राजवटीच्या हस्तकांनी बॉम्ब ठेवला. उजवा हात गेला, एका डोळ्याची दृष्टी गेली. काही वर्षांनी त्या कटात भाग घेतलेला एक माणूस त्यांना भेटायला आला. दोघे बराच वेळ बोलले. निघताना सॅक्स म्हणाले, की मी एरवी निरोप देताना हात मिळवतो, तुमच्याशी मिळवू शकत नाही. आयोगाकडे जा, जे ठाऊक आहे ते सांगा, मग कदाचित पुन्हा भेटू. तो माणूस आयोगाकडे गेला. पुढे एका समारंभात तो समोर आला, त्याने तसे सांगितले, आणि सॅक्स यांनी उरलेला हात पुढे केला. दोन भेटींच्या मध्ये काय घडले, एवढाच प्रश्न मुलांना विचारावा आणि गप्प बसावे.

८. वर्गात मुलांचे दोन गट करून ‘भेदभाव अनुभवायला’ लावावा का?

नको. मी एकदा केले आहे, म्हणून ठामपणे सांगते. सातवीच्या वर्गात हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. पिवळ्यांनी दिवसभर मागे बसायचे, डबा वेगळा खायचा, पाण्याच्या टाकीशी शेवटी जायचे. मुलांना ते दुपारपर्यंत खेळ वाटले. दुसऱ्या दिवशी एका पिवळ्या चिठ्ठीच्या मुलाचे आजोबा शाळेत आले. ते शांतपणे म्हणाले, की बाई, मला शाळेत असेच दाराबाहेर बसवले होते; नातवाने घरी येऊन तेच सांगितले तेव्हा मला क्षणभर कळेना की कोणते साल आहे.

चिठ्ठ्या यदृच्छेने वाटल्या होत्या, पण तो बचाव होऊ शकत नाही. कोणाच्या घरात कोणता इतिहास आहे हे मला ठाऊक नव्हते आणि मी विचारले नव्हते. मी त्या मुलाची त्याच्या आजोबांसमोर क्षमा मागितली. तो काहीच बोलला नाही. मीही ‘मग झालं ना ठीक?’ असे विचारले नाही, एवढीच त्या दोन दिवसांतली माझी शहाणपणाची गोष्ट.

९. मग कोणता उपक्रम घ्यावा?

नकाशा. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही दाट, मिश्र वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर झाली आणि पुढील काही वर्षांत ६०,००० हून अधिक लोकांना उठवून शहराबाहेरच्या माळरानावर नेण्यात आले. घरे बुलडोझरने पाडली. १९९४ मध्ये तेथील एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर पूर्वीच्या रस्त्यांचा मोठा नकाशा आहे आणि जुने रहिवासी आले की आपले घर कुठे होते ते त्यावर लिहून जातात.

मुलांना घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून, आता नसलेल्या एखाद्या जागेचा नकाशा काढून आणायला सांगावे. माझ्याकडे पाडलेल्या चाळी आल्या, कोयना धरणाखाली गेलेले एक गाव आले, एका मुलाने आजीने सांगितलेली फक्त विहीर आणि तिच्यापासून घरापर्यंतची पायवाट काढली. ही विस्थापने वर्णभेदासारखी होती असे मुळीच सुचवू नये. नकाशा काढताना जुनी माणसे जे बोलतात ते मुलांनी ऐकावे, हा उद्देश.

वर्गात वेळ कमी असेल तर राष्ट्रगीत ऐकवावे. १९९७ पासूनच्या दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात पाच भाषा आहेत, आणि मुक्तिलढ्याच्या प्रार्थनेला जुन्या राजवटीच्या गीताचा तुकडा जोडलेला आहे. सामन्याआधी खेळाडू उभे राहतात तेव्हा कोणत्या ओळीला कोणाचे ओठ हलतात, हे मुले आपोआप पाहू लागतात.

१०. हेक्टर पीटरसनचे छायाचित्र दाखवावे का?

१६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांचा हेक्टर मारला गेला. त्याला उचलून धावणारा मुलगा आणि शेजारी धावणारी बहीण, हे सॅम एन्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले. तेराच्या पुढच्या मुलांना दाखवावे, तेही आधी सांगून. नको असेल त्याला मान फिरवू द्यावी. त्यापेक्षा लहानांना छायाचित्राविना, ‘मुलांनी शाळेच्या भाषेसाठी मोर्चा काढला’ एवढे सांगता येते. भाषेचा मुद्दा आपल्या मुलांना चटकन कळतो.

११. तेथील भारतीय लोक कोणत्या बाजूला होते?

दोन्ही बाजूंना. हे उत्तर पालकांना आवडत नाही. १८६० मध्ये पहिले करारबद्ध मजूर डर्बनला उतरले. नंतर गुजराती व्यापारी गेले, आणि केपटाउनला रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही गेले, ज्यांचे वंशज आजही तेथे आहेत. वर्णभेदाच्या कायद्याने माणसांच्या चार पेट्या केल्या होत्या, गोरे, मिश्रवर्णीय, भारतीय आणि कृष्णवर्णीय; ‘इंडियन’ ही त्यांपैकी एक: गोऱ्यांच्या खाली, कृष्णवर्णीयांच्या वर. घरे त्यांचीही गेली, अनेक जण तुरुंगात गेले, काहींचा कोठडीत जीव गेला. १९८४ मध्ये सरकारने भारतीय आणि मिश्रवर्णीय यांना संसदेत वेगळी सभागृहे देऊ केली आणि कृष्णवर्णीयांना वगळले, तेव्हा बहुसंख्य भारतीयांनी त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. भारत सरकारने तर १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता.

पण त्याच समाजात ‘आपण त्यांच्यापेक्षा वरचे’ ही भावनाही होती. गांधीजींच्या तेथील सुरुवातीच्या लिखाणात कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेचे उल्लेख सापडतात. मोठ्या मुलांपासून ते लपवू नयेत. २०२१ च्या जुलैमधील दंगलीत, डर्बनजवळच्या फिनिक्स या बहुतांश भारतीय वस्तीच्या भागात ३० हून अधिक लोक मारले गेले, त्यांतले जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय. पेट्या कायद्यातून गेल्या तरी माणसांच्या मनात आणि शहराच्या नकाशात त्या किती काळ राहतात, हे यावरून कळते.

१२. मूल विचारते, ‘आपल्याकडेही असेच होते ना?’ काय उत्तर द्यावे?

‘हो’ असे. मग फरक सांगावेत. दक्षिण आफ्रिकेत भेद सरकारने कायदा करून लादला. आपल्याकडे अस्पृश्यता रूढीने, धर्माच्या नावाने आणि गावाच्या रचनेने शतकानुशतके चालवली. भारतीय राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने वंशनोंदणीचा कायदा केला. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत.

यावर हुशार मूल हमखास विचारते, ‘मग आपल्याकडे सत्य आयोग कुठे झाला?’ झाला नाही. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले आणि खटला वर्षानुवर्षे चालला. ज्यांनी पाणी नाकारले त्यांना गावोगावी समोर बसवून ‘काय केले ते सांगा’ असे आपण कधी विचारले नाही. हा प्रश्न टाळायचा असेल तर दक्षिण आफ्रिका शिकवूच नये. परदेशातला अन्याय शिकवून आपण निर्मळ असल्यासारखे वाटणे, हा या धड्याचा सर्वांत वाईट उपयोग आहे.

१३. आम्ही कामानिमित्त जोहान्सबर्गला राहतो. वर्णभेद संपला तर अर्जांवर अजूनही वंश का विचारतात, असे मुलगी विचारते.

तिला जातीच्या दाखल्याचे उदाहरण द्यावे. ज्या पेटीच्या आधारे माणसाला मागे ठेवले, तीच पेटी मोजल्याशिवाय तो किती पुढे आला हे कळत नाही, आणि १९९८ च्या रोजगार समानता कायद्यासारखे उपाय याच मोजणीवर उभे आहेत. या पद्धतीविषयी तेथेही वाद आहे, जसा येथे आरक्षणाविषयी आहे. मुलीला दोन्ही बाजू ऐकू द्याव्यात. शिवाय तिच्या वर्गात या इतिहासाच्या सर्व बाजूंच्या घरांतील मुले असतील, हेही सांगावे. ‘तुझे आजोबा कोणत्या बाजूला होते?’ हा प्रश्न तिने कोणालाही विचारू नये. कोणी आपणहून सांगितले तर ऐकावे.

१४. ज्यांनी क्षमा करायला नकार दिला त्यांच्याविषयी काय सांगावे?

आदराने सांगावे. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे तरुण नेते स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर मरण पावले. त्यांच्या कुटुंबाने माफीच्या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिले. त्यांना खटला हवा होता. १९९६ मध्ये ते हरले, तरी पुढे संबंधित पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगानेच फेटाळले. त्यांच्यावर खटला मात्र उभा राहिला नाही.

अहमद तिमोल हे गुजराती मूळ असलेल्या कुटुंबातील शिक्षक. १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून त्यांनी उडी मारली, असे तेव्हाच्या चौकशीने ठरवले. त्यांच्या आईने आयोगापुढे येऊन सत्य मागितले. २०१७ मध्ये न्यायालयाने ही हत्याच होती असा निर्णय दिला. तोवर आई हयात नव्हती.

१९८५ मध्ये क्रॅडॉक या गावच्या चार वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांना रस्त्यात अडवून मारले गेले. त्यांपैकी सिसेलो म्हलाउली यांच्या मुलीने आयोगाला सांगितले, की आम्हाला क्षमा करायची आहे, पण कोणाला करायची हेच आम्हाला माहीत नाही. त्या प्रकरणाची तिसरी न्यायालयीन चौकशी २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली, म्हणजे चाळीस वर्षांनी. आयोगाने ज्यांना माफी नाकारली त्यांच्यावर खटले भरणे अपेक्षित होते. फारच थोडे भरले गेले. पीडितांना २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड मिळाले, शिफारशीपेक्षा पुष्कळ कमी. ‘आयोग यशस्वी झाला का?’ असे मुलांनी विचारले तर मी हे सर्व सांगते आणि उत्तर त्यांच्यावर सोडते. माझे स्वतःचे मत असे, की सत्याचे काम बरेच झाले, न्यायाचे अर्धवट राहिले, आणि त्याचे बिल क्षमा करणाऱ्यांच्याच नावावर फाडले गेले.

१५. ‘आम्ही तर तेव्हा जन्मलोही नव्हतो, मग आम्ही का वाईट वाटून घ्यायचे?’ असे मुले म्हणतात.

बरोबर म्हणतात. १९९४ नंतर जन्मलेल्या गोऱ्या मुलानेही कायदा केलेला नाही. दोष वारशाने येत नाही. पण घर, जमीन, चांगली शाळा या गोष्टी वारशाने येतात, आणि त्या कशा आल्या हे विचारता येते. १९७० च्या दशकाच्या मध्यास सरकार गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर कृष्णवर्णीय मुलाच्या दहापटीहून अधिक खर्च करत असे. तो फरक एका पिढीत भरून निघत नाही. मुलांना वाईट वाटायला लावू नये, हिशेब पाहायला शिकवावे.

१६. वर्गात भांडण झाले, तर हीच पद्धत वापरता येईल का?

किरकोळ भांडणात येईल. आधी दोघांनी काय घडले ते सांगायचे, मग ज्याचे नुकसान झाले त्याने काय हवे ते सांगायचे, आणि ‘सॉरी म्हण, शेकहँड कर’ ही आपली नेहमीची घाई टाळायची.

पण एक अपवाद कधीही विसरू नये. आयोग राजवट संपल्यावर बसला, ती चालू असताना नव्हे. एखाद्या मुलाला रोज छळले जात असेल, तर आधी छळ थांबवायचा; तो चालू असताना दोघांना समोरासमोर बसवणे म्हणजे छळणाऱ्याला आणखी एक संधी देणे. आणि एखाद्या मोठ्या माणसाने मुलाला इजा केली असेल, तर त्या मुलापुढे क्षमेचा शब्दही काढू नये. तेथे संरक्षण आणि कायदा, एवढेच.

१७. सगळे ऐकून मुलगा म्हणाला, ‘मी असतो तर माफ केलं नसतं.’ माझे शिकवणे चुकले का?

नाही. ‘का?’ एवढे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. मी दर वर्षी १६ डिसेंबरच्या सुमारास हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेते. १८३८ मध्ये याच दिवशी गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेथील झुलू लोकांवर विजय मिळवला आणि १९६१ मध्ये याच दिवशी मंडेलांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र लढा सुरू केला. १९९५ पासून तोच ‘सलोखा दिन’ म्हणून पाळला जातो. चिठ्ठ्यांवर नाव लिहायचे नसते. गेल्या वेळी एका चिठ्ठीवर होते, ‘आधी त्याने खरं सांगू दे, मग बघू.’ दुसरीवर, ‘माझ्या ऐवजी दुसऱ्या कोणी माफ केलेलं मला चालणार नाही.’ एक चिठ्ठी कोरी होती, चार घड्या घातलेली. तीही मी इतरांबरोबर ठेवली आहे.